गावी न्यायच्या बॅगेतलं पिवळं जाकीट

"अगं, महादेव समुद्रात पडला म्हणे, आणि त्या जाकिटानंच त्याला…"

एवढं कानावर आलं आणि लिफ्टचं दार लागलं. आवाज शेजारच्या शैलाताईंचाच, यात शंका नाही. पण जाकिटानं त्याला काय? वाचवलं की बुडवलं? पुढचं वाक्य लिफ्टबरोबर खाली गेलं आणि मी बॅगेत तळमळत राहिलं.

कारण ते जाकीट म्हणजे मी. थंडीत समुद्रावर मासे धरायला जाणाऱ्यांनी घालायचं, माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारं पिवळंधमक जाकीट बोलतंय. आणि मी तर इथं, कुवेतच्या सालमिया भागातल्या फ्लॅटमध्ये, दाराजवळच्या चाकांच्या बॅगेत पडलेलं. उशाला दुधाच्या पावडरीचा डबा, पायाशी बामच्या बाटल्या. समुद्राचा थेंबसुद्धा अंगाला लागलेला नाही. मग मी कुणाला तारणार आणि कुणाला मारणार?

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात पाणी न पिणारा फोम शिवला, मनगटाला घट्ट पट्ट्या लावल्या, खांद्यावर चमकणाऱ्या फिती आणि कॉलरला एक शिट्टी. तिथून निघून मी कुवेतमध्ये मासेमारीच्या सामानाच्या दुकानात येऊन टांगलं गेलं. लोक यायचे, गळ बघायचे, दोऱ्या ताणून बघायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, "इथं कुठली थंडी?" कुवेत म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. जानेवारीत उत्तरेकडचा शमाल वारा सुटला की समुद्राचं पाणी कसं चावतं, ते पाण्यात पडल्याशिवाय कळत नाही.

मुक्ताला ते कळलेलं होतं. ती इस्पितळात अपघात विभागात नर्स. मागच्या थंडीत तिथं एकाला समुद्रातून उचलून आणलं होतं. पोहणारा पक्का, पण गारठ्यानं त्याचे हातच चालेनात. तिचा नवरा महादेव एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या कंपनीच्या मुदीराची, म्हणजे मोठ्या साहेबाची, एक लहान बोट आहे. थंडीत शेम मासा गळाला लागू लागला तसा महादेव दर शुक्रवारी सुदेश नावाच्या मित्राबरोबर त्या बोटीतून जाऊ लागला, आणि मुक्ता त्याला धरून दुकानात घेऊन आली.

महादेवला आवडलं होतं एक काळं, कापूस भरलेलं जाड जाकीट. मुक्तानं ते चिमटीत धरलं नि सोडलं. "हे ऊब देईल, पण भिजलं की गोणपाट होईल. मला तरंगवणारं हवंय."

मग तिनं त्याला आधी जाड स्वेटर चढवायला लावला आणि त्यावर एकेक जाकीट घालून बघितलं. चेन लावायची, त्याला हात वर करायला सांगायचं आणि स्वतः खांदे धरून वर ओढायचं. एक जाकीट तर सरकून त्याच्या कानांपर्यंत गेलं. माणूस खाली आणि जाकीट वर, मग उपयोग काय? मी मात्र जागचं हललं नाही. पायांमधून घ्यायचा माझा पट्टा तिनं आवळला तेव्हा महादेव लाजून इकडेतिकडे बघायला लागला.

"लंगोट कसून मासे धरू काय? आणि हा रंग? बलदियाचा झाडूवाला समजतील मला." बलदिया म्हणजे इथली नगरपालिका, तिच्या झाडूवाल्यांचे कपडे असेच पिवळे.

"समजू देत. काळं-निळं पाण्यात दिसत नाही. झाडूवाला लांबून दिसतो."

त्या दिवशी माझी छाती फुगली होती, आणि ती काही फोममुळे नाही.

घरी आल्यावर महादेवनं मला अंगावर घेतलं, आरशात बघितलं, हात फिरवला. "एवढी चांगली वस्तू," म्हणाला, आणि घडी घालून थेट बॅगेत ठेवलं.

ही बॅग इथल्या आपल्या प्रत्येक घरात असते. रजेला अवकाश असला तरी ती भरत असते. जे जे चांगलं, नवं, टॅग न काढलेलं, ते त्या बॅगेत. स्वतःला जुनं चालतं, गावाला नवं लागतं. महादेवचा धाकटा भाऊ बाळा देवगडला मच्छीमारीच्या बोटीवर जातो, आणि दोघांचं माप एक. झालं, माझं नशीब ठरलं.

मुक्तानं किती सांगितलं. देवगडला हे घातलं तर बाळाभावजी घामानंच भिजतील, म्हणाली. त्यांना हलकं घेऊ, हे तुमच्यासाठी आहे. महादेवचं एकच, "तो रोज समुद्रावर असतो गं. मी काय, हौसेला जातो. किनारा दिसतो तिथून." ती मला काढून खुर्चीवर ठेवायची. ती ड्युटीवर गेली की हा परत घडी घालायचा. माया मला कळते हो, पण अशा मायेनं माझा जीव मेटाकुटीला आला. पावडरीच्या डब्याला काय मी बुडण्यापासून वाचवायचं होतं?

आज सकाळीही मुक्ता ड्युटीवर होती. महादेवनं जुम्मा बाजारातून आणलेलं काळं कापसाचं जाकीट चढवलं. हो, तसलंच. जाताना गळाची काठी माझ्या बॅगेवर आपटली. मी इथंच.

आणि मग शैलाताईंचं ते अर्धं वाक्य. त्यानंतरचा दिवस मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक.

तिन्हीसांजेला दार उघडलं. सुदेशच्या आधारानं महादेव आत आला. ओठ अजून निळसर, अंगावर इस्पितळाचं ब्लँकेट. मागून मुक्ता. आणि तिच्या मागून पेजेचं पातेलं घेऊन शैलाताई.

"भावजी, अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं मी, मुक्ताच्या त्या पिवळ्या जाकिटानंच वाचवलं म्हणून. कुठाय ते? वाळत घातलंत का?"

काय झालं ते सुदेशनं सांगितलं. मासा ओढायला महादेव उभा राहिला, लाट आली, हा पाण्यात. कापसाचं जाकीट क्षणात जड झालं आणि त्याला खाली ओढायला लागलं. दोरी टाकली, पण बोटं मिटेनात. शेवटी मोठा मासा उचलायच्या आकड्यात त्याच जाकिटाची टोपी अडकली आणि सुदेशनं ओढून घेतलं.

म्हणजे शैलाताई अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या. जाकिटानंच बाहेर आला, पण बुडवणारंही तेच होतं. आणि ते मी नव्हतं.

मुक्तानं बॅग उघडली आणि मला बाहेर काढलं. शैलाताईंनी हात लावला. "हे तर कोरडं आहे गं," असं म्हणून त्यांनी हात मागे घेतला. लोकांनी मला न केलेल्या कामाचा मान दिला होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुक्तानं पर्समधली बँडेज कापायची कात्री घेतली आणि माझा टॅग कचकन कापला.

"आता हे जुनं झालं. जुनं गावी नेत नाही ना तुम्ही?"

"बाळाला काय सांगू?"

"त्यांना जाकीट हवंय की भाऊ, ते विचारा."

महादेव उठला. त्यानं मला चढवलं, चेन लावली, पायांमधून पट्टा घेतला. शैलाताई समोर असूनही. मग न सांगता दोन्ही हात वर केले. मुक्तानं खांदे धरून ओढलं. मी हललं नाही. ती मात्र तिथंच, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. समुद्राआधी तेच खारं पाणी मला लागलं.

आता मी चपलांच्या वरच्या खिळ्यावर आहे. तुमच्याही बॅगेत माझं कुणी भावंड असेल तर एवढं करा, आधी टॅग कापा.

बाहेर शैलाताई लिफ्टमध्ये कुणाला तरी सांगतायत, "त्या पिवळ्या जाकिटानंच वाचवलं."

अजून नाही हो, शैलाताई. पण आता निदान दाराशी तरी आहे.