नव्वद मीटर तार

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच पेरूच्या पाइता बंदरात बोट वेळेवर मिळाली होती. समुद्रात गरम पाण्याचा थर कुठे संपतो नि गार कुठे लागतं, हे संशोधक नेलिदाला मोजायचं होतं.

"एवारिस्तोकाका, उपकरण सोडायची तार किती उरलीय?" तिने बोटीच्या तांडेलाला विचारलं.

"नव्वद मीटर. दर फेरीला गंजलेलं टोक तुम्हीच तर कापायला लावता, बाई."

गार पाण्यातली मासळी यंदा कोळ्यांना एकशेवीस मीटर खोलीवर सापडत होती.

"नवी तार मागू?"

"मागा. ती येईस्तोवर बोट दुसऱ्याची. विहीर आहे, पोहरा आहे, दोरच आखूड."

नेलिदाने नकाशावर मोजणीच्या पुढच्या जागेचा ठिपका काढला. असे चाळीस काढायचे होते, आणि प्रत्येकापुढे काय लिहावं लागणार, ते तिला आजच ठाऊक होतं: गार पाणी सापडलं नाही.