सातपर्यंतचा आवाज

सेटा टारकानियनने डोळे मिटून दोन्ही आवाज ऐकले आणि हेडफोन टेबलावर आपटले.

"पहिला माझ्या बापाचा. दुसरा कुणाचा ते तुमचं तुम्ही बघा."

दुसरा आमचा होता. संगणकातला. तीन आठवडे राबून केलेला. जुन्या अँपच्या आवाजाची संगणकात नक्कल करून विकणं हा आमचा धंदा.

तिच्या बापाने, गारोने, चौऱ्याहत्तर साली ग्लेंडेलच्या गॅरेजमध्ये एका जुन्या इंग्लिश गिटार अँपची आतडी बदलली आणि कुणी नक्कल करू नये म्हणून वर काळी राळ ओतली. इकडचे कारागीर ओततातच. तसा दुसरा अँप त्याने केला नाही. आता गारो गेला, आणि अँपचा ट्रान्सफॉर्मर मरायला टेकला होता. जरा तापला की जळका वास. तो बदलला तर आवाजही बदलणार. म्हणजे आवाज संगणकात वाचवायचा तर आत्ताच.

"राळ फोडू," किप म्हणाला. किप ड्रेसलर, आमचा मालक. "आत काय आहे ते मोजून टाकू."

"बापाची कबर फोडतोस?" सेटा म्हणाली. "आधी तुझ्या आईची फोडून हात बसव."

पण चूक माझी होती. शेजारी बोंबलतात, कानठळ्या बसतात, म्हणून मोजताना आम्ही स्पीकर काढतो आणि वीज गिळणारा मुका डबा जोडतो. इथे व्हॅन नाइजमध्ये या धंद्यातले सगळे हेच करतात. पण स्पीकर हलतो तेव्हा अँपला उलटा धक्का देतो. डबा नुसता गिळतो. गारोने सगळं त्या धक्क्यावर बेतलं होतं. मी त्याच्या अँपला तीन आठवडे मढ्याशी बोलायला लावलं, आणि त्यात त्याचं उरलंसुरलं आयुष्य जाळलं.

मी ते सांगून टाकलं.

"हिच्यासमोर कशाला बरळतेस?" किप दात खाऊन म्हणाला.

"अँप तिचा आहे म्हणून."

सेटाने मला शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. "अजून किती चालेल?"

"दहा मिनिटं. नाहीतर एक."

"लाव स्पीकर, पोरी."

आवाजाचं बटण एकवर. खालून वर चढणारी शीळ सोडली, नोंदली. दोन. तीन. खिडक्या थरथरल्या. पाचवर वास आला. सहावर विजेच्या मीटरचा काटा सरकायला लागला. सातवर मागच्या जाळीतून धुराचा दोरा निघाला. शीळ संपायला वीस सेकंद लागतात. मी स्विचवर बोट ठेवलं. संपली. वीज तोडली.

"आठ! नऊ! दहा!" किप किंचाळला. "लोक दहासाठी पैसे मोजतात, सातसाठी नाही!"

"आठवर जळला असता."

"बरं, पुढचे तीन अंदाजाने भर. कुणाच्या बापाला कळतंय?"

"माझ्या बापाला कळलं असतं," सेटा म्हणाली. तिचा तळहात अँपच्या तापल्या पाठीवर होता. तिने तो उचलला नाही.

संध्याकाळपर्यंत नवा आवाज बांधला. प्रोग्रॅममधलं बटण मी सातवर अडवलं. किपने सांगितलं, दहापर्यंत फिरू दिलं नाहीस तर सोमवारी येऊ नकोस. मी नाही फिरू दिलं.

सेटाने हेडफोन चढवले, गिटार घेतली. वाजवत राहिली.

"सातपर्यंत तो आहे," ती शेवटी म्हणाली. "पुढे कुणी नाही. तसंच लिही बटणावर."

मी लिहिलं. दाराशी किप आम्हा दोघींना कोर्टात खेचायला फोनवर वकील शोधत होता.