तेलावाचून वाढलेलं

"बघा मंदादी, कसं बाळसं धरलंय!"

मदतनीस शरच्चंद्रनं काचेच्या दोन बश्या पुढे केल्या. कलकत्त्यातच वाढलेला, त्याचं मराठी घरापुरतंच. पण हा शब्द त्यानं कुठूनसा नेमका उचलला होता.

बाळंतपणाची रजा संपवून मंदाकिनी आजच प्रयोगशाळेत आली होती. एका बशीत तेल मिसळलेलं खाद्य, दुसरीत साधं. यीस्ट दोन्हींत सारखंच माजलेलं.

"साध्यावर कसं वाढलं हे?"

"तेलाची बाटली संपली ना. विलायतेहून यायला उशीर. तुम्हाला कुठे त्रास द्यायचा? म्हटलं, साध्यावर बघू. बरंचसं मेलं. चार ठिपके तरारले, तेच पुढे वाढवले. आता काही लागत नाही त्यांना!"

ती स्टुलावर बसली. तिचं यीस्ट अपंग होतं, आणि तीच त्याची किंमत होती. पेशीतल्या पडद्यांना लागणारं एक स्निग्ध आम्ल त्याला स्वतः करता येत नसे. तेलातून द्यावं लागे. तेल तोडलं की मायटोकॉन्ड्रियांच्या आतल्या घड्या विसकटत, पेशीचा श्वास मंदावे. ते कसं, एवढंच तिला दाखवायचं होतं. हजारो ठिपक्यांतून तिनं ते वेचलं होतं. आणि हे? हे बरं झालेलं. कुठल्याही यीस्टसारखं.

"फ्रिजमधल्या मूळ नळ्या?"

"लोडशेडिंग चालूच होतं, दीदी. बुरशी चढली." तो आता घाबरला होता. "पण सर रागावले नाहीत. म्हणाले, मंदाकिनीला मूल झालंय, आता काहीतरी सोपं घेऊ दे."

आतलं यीस्ट मारून टाकायला दोन्ही बश्या तिनं स्वतःच उकळायला लावल्या.

डमडमला घरी पोचेपर्यंत ब्लाउज दुधानं ओला झाला होता. सासूबाई दारातच, हरखलेल्या.

"अगं, डब्याचं दूध घेतलं त्यानं! सकाळी आकांत केला, मग लागला निमूट बाटलीला. आता तुझं काही अडायचं नाही हो."

तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. त्यानं झोपेतच तोंड फिरवलं.

त्याला खाली ठेवून ती मोरीत गेली. दार लावलं. भिंतीला टेकून दूध पिळून टाकत राहिली.

"मंदा, ये ना गं," बाहेरून हाक आली. "भातावरचं तूप थिजतंय."