पिठाच्या रेघांचं घर

मी एक जुनी करवंटी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. कुणाचे दिवस फिरले की ‘हाती करवंटी आली’ असं तुम्हीच म्हणता, आणि माझ्या बहिणी तर खोबरं खरवडून झालं की थेट न्हाणीच्या चुलीत जातात. मी वाचले ती सुलूमुळे.

तारापूरजवळच्या दांडी गावापुढे, समुद्राला लागून रत्नाबाईंची वाडी होती. त्यांच्या विहिरीजवळच्या माडाचा मी नारळ. त्यांची एकुलती लेक सुलू तेव्हा लहान होती. तिने मला काचेच्या तुकड्याने तासलं, वाळूने घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यात तांदळाचं पीठ भरलं. ओहोटीला बारके खेकडे आपल्या बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडतात. ती डोळे भरून पाहून सुलू अंगणात तशीच ठिपक्यांची फुलं काढायची. बायका म्हणायच्या, “रत्नाबाय, पोरीच्या हातात जादू हाय!” तेव्हा मीही थोडी फुगायचे. पीठ मीच तर धरलं होतं ना!

साठ साली सुलू लग्न होऊन वाणगावला गेली. मी तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली पडून राहिले. पुढे काही वर्षांनी तारापूरला वीजघर उभं राहू लागलं. वाडीची जागा त्यात गेली, माड तुटले, घर उतरवलं. रत्नाबाई एकट्या, नवरा नाही, मुलगा नाही. सुलूने त्यांना आपल्याकडे आणलं.

पण त्यांचं मन काही वाडीतून हललं नाही. हळूहळू त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, पोटची सुलूसुद्धा. लेकीच्या सासरी आईने जेवू नये ही जुनी रीत मात्र डोक्यात पक्की बसलेली. ताट पुढे केलं की तोंड फिरवायच्या. “लोकाच्या घरी नाय जेवायचं. मी माज्या घरी जाऊन जेवीन.” सुलूच्या सासूबाई साखरबाई, त्यांनीही हात जोडून पाहिले. रत्नाबाईंचं अंग सुकत चाललं.

शेवटी सुलूने मला ट्रंकेतून काढलं. सारवलेल्या ओटीवर ती लहानपणीचं घर काढू लागली. उंबरा, माजघर, चूल, मागे विहीर, विहिरीशी माड आणि भोवताली खेकड्यांची नक्षी. मग आईचा हात धरून तिला उंबऱ्याच्या रेघेवरून आत नेलं आणि चुलीपाशी बसवलं. रत्नाबाईंनी चहूकडे पाहिलं.

“आले गं बाय घरी,” त्या म्हणाल्या आणि पेजेची वाटी स्वतःच ओढून घेतली. सुलू पाठ फिरवून रडली. माझा आनंद मात्र पोटात मावेना.

मग त्या रोज तिथेच बसून जेवू लागल्या. रेघ फिसकटली की सुलू ती पुन्हा भरायची.

एक दिवस सुलू धुणं घेऊन विहिरीवर गेली. पिठाला मुंग्या लागल्या होत्या. सुनेचं काम हलकं करावं म्हणून साखरबाईंनी ओटी सारवून टाकली. चांगल्या मनाने सारवली हो, त्यांना बोल लावू नका. रत्नाबाई झोपेतून उठून बाहेर आल्या आणि किंचाळल्या, “पाडलं! माजं घर पाडलं!”

सुलू धावत आली. तिने सगळं घर पुन्हा काढलं. रत्नाबाई आत येईनात.

“चांगलं काडतेस पोरी. आमची सुलू बी असंच काडते. पण हे लोकाचं घर हाय.”

सुलू रेघेबाहेर बसली. म्हणाली, “बाय, मी पाहुणी आलेय. लई भूक लागलीय. मला वाढा, आपण दोगी जेवू.”

रत्नाबाईंच्या दारातून कधी कुणी उपाशी गेलं नव्हतं. त्यांनी सुलूच्या गालावरून हात फिरवला.

“कुठं वाढू गं तुला?” त्या म्हणाल्या. “मला घरच नाय.”

त्यानंतर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. साखरबाई सुनेच्या नजरेला नजर देईनात, तेव्हा सुलूच त्यांच्या कुशीत शिरून रडली. मी आता रिकामी, फळीवर पडून असते. सुलू पुन्हा घर काढत नाही.

मित्रांनो, मी साधी करवंटी, मोठं काही मला कळत नाही. एवढंच मागते. जमिनीवर कुणाची रेघ दिसली, तर पुसण्याआधी विचारा. तुम्हाला ते सांडलेलं पीठ वाटेल, पण आत कुणीतरी जेवायला बसलेलं असेल.