कपाटातला नवरा

दर रविवारी संध्याकाळी थेट प्रक्षेपण होणाऱ्या त्या विनोदी कार्यक्रमात टिकायचं तर एक पथ्य पाळावं लागे. आपलं दुखणं कुणापाशी बोलायचं नाही. बोललात की त्याचं प्रहसन झालंच म्हणून समजा. दिग्दर्शक घोरतो हे त्याच्या बायकोच्या तोंडून निसटलं, आणि पुढच्या रविवारी ते घोरणं घराघरांत ऐकू आलं. सासूची कामं करणाऱ्या आडदांड पैलवानाने झुरळाला घाबरतो असं कबूल केलं, तेव्हापासून त्याच्या टोपात रबरी झुरळं निघत होती.

म्हणून त्या चमूतल्या काटकुळ्या लंबूने कुणालाच सांगितलं नव्हतं की त्याला बंद जागेची भीती वाटते. लहानपणी काही घडलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. दार लागलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, बस्स. लिफ्ट टाळून तो जिन्याने यायचा आणि वर "व्यायाम होतो" म्हणून ऐट मिरवायचा.

आणि लेखिकेने नेमकं कपाटाचं प्रहसन लिहिलं. सासू अचानक येते, बायको नवऱ्याला कपाटात कोंबते, सासू कपाटाला टेकून गप्पा मारत बसते.

"नवरा पैलवानाला करू दे की," लंबू म्हणाला. "मी सासू होतो."

"पैलवान कपाटात मावेल का रे?" लेखिका म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. लंबूही हसला. हसण्यावाचून काय करणार?

तालमी बिनदाराच्या कपाटात झाल्या, कारण दार रंगवायचं राहिलं होतं. ते अगदी प्रयोगाच्या दुपारी बसवलं. "आतून नुसता धक्का द्यायचा, की उघडलं," मिस्त्री म्हणाला. लंबूने दोनदा धक्का देऊन पाहिला. उघडलं. तरी त्याने तिसऱ्यांदा दिलाच.

दिवे लागले. बायकोचं काम करणाऱ्या ताईने त्याला कपाटात ढकललं आणि दार लावलं. आत मिट्ट काळोख, ताज्या रंगाचा उग्र वास. लंबू डोळे मिटून मनाला समजावत राहिला, की आता पैलवान बोलेल, मग ताई बोलेल, मग शिंक द्यायची आणि बाहेर. बाहेर पैलवान आला आणि ठरल्याप्रमाणे दाराला टेकला. फक्त टेकला जरा जास्तच जोरात. लाकूड करकरलं.

लंबूने शिंक दिली. प्रेक्षक हसले. पैलवान बाजूला झाला तसा लंबूने धक्का दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. ओला रंग चौकटीला चिकटला होता आणि वरून पैलवानाच्या वजनाने दार पार आत रुतलं होतं.

"उघड!" तो म्हणाला. हशा. "अगं, दार उघड!" आणखी मोठा हशा.

ताईला वाटलं, गडी रंगात आलाय. तिनेही वेळ मारून नेली. "आई, उंदीर झालेत हो घरात. फार बोलतात मेले!"

लोक लोटपोट झाले. लंबूच्या अंगाला दरदरून घाम सुटला. हात-पाय झाडायला जागा नाही, श्वास अर्ध्यातच अडकतोय. तो दोन्ही मुठींनी दार बडवू लागला, आणि प्रत्येक ठोक्याला टाळी पडत होती. आपण इथे मरणार आणि लोक हसत राहणार, हे त्याला लख्ख दिसलं. त्याची बोबडीच वळली. नवरा, सासू, प्रहसन सगळं डोक्यातून गेलं.

"ताई," तो कसाबसा म्हणाला. "ताई गं..."

नवरा बायकोला ताई म्हणाला! सभागृह कोसळायचंच बाकी राहिलं. पण ताईच्या काळजात चर्र झालं. कितीही रंगला तरी लंबू प्रयोगात कधी चुकत नसे. तिने मूठ धरून दार ओढलं. निघेना.

"पैलवान, ओढ!" ती ओरडली. आई नाही, सासूबाई नाही, पैलवान.

पैलवानाने टोप फेकला, पाय रोवले आणि दार बिजागरीसकट उखडून काढलं. लंबू ताईच्या अंगावर कोसळला. ती त्याला घट्ट धरून प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडला.

रंगपटात दिग्दर्शक नाचतच आला. "काय काम केलंस! आता दर रविवारी कपाट!"

लंबूच्या हातातला पेला दातांवर कडकड वाजत होता.

"ते काम नव्हतं, सर," ताई म्हणाली.

सगळे लंबूकडे बघू लागले. अजूनही हसून विषय उडवता आला असता. ओठांवर तसं वाक्य आलंही होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरून बायको होती.

"अरे, पोरगी रडायची थांबत नाहीये. म्हणते, बाबा खोटं ओरडत नव्हता. तूच सांग तिला." आणि तिने फोन लेकीच्या कानाला लावला.

समोर लेखिका होती, पैलवान होता. उद्या यातलं काय काय चव्हाट्यावर येईल, ही धास्ती होतीच. तरी तो बोलला. "हो गं राणी. बाबा खरंच घाबरला होता. फार घाबरला होता."

"मग सगळे का हसले?"

"त्यांना कळलं नाही, बाळा."

त्याने फोन ठेवला. "मी हे लिहिणार नाही," लेखिका खालच्या आवाजात म्हणाली. लंबूचा पुरता विश्वास बसला नाही, पण त्याने मान डोलावली. दिग्दर्शक उगाच घसा खाकरून निघाला आणि सवयीने दार ओढून घेऊ लागला.

"राहू दे, सर," पैलवान म्हणाला. त्याने दार सताड उघडलं, उंबऱ्यातच खुर्ची टाकली आणि सासूच्या पोशाखात पाय पसरून तिथे बसून राहिला, लंबूचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत.