तोंड सांभाळणारा सुतार

सोफे बनवणाऱ्या त्या कारखान्यात शिलाईताईचं आणि सुताराचं वाजलं नाही असा दिवस जात नसे. सांगाडा तो करायचा, कापड ती चढवायची. कुठे सुरकुती राहिली की ती म्हणायची सांगाडा वाकडा, तो म्हणायचा तुझी कात्रीच वाकडी.

मग ताईला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. घर खायला उठायचं, म्हणून मधल्या बऱ्या दिवसांत ती कामावर येऊ लागली.

पण इथे सगळेच गोडगोड झालेले. कुणी तिला मशीनला हात लावू देईना. आणि सुतार? "तुम्ही म्हणाल तसं, ताई!"

"अहो, तो खडूस मला अहो-जाहो करतोय," घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलंय का?"

"काही नाही लपवलं. त्यालाच विचार की."

दुसऱ्या दिवशी ती आधी मालकीणबाईंकडे गेली. "मला काम द्या. दमले की मीच सांगेन."

बाई ओशाळल्या. "तुम्हाला त्रास नको म्हणून केलं हो. विचारायला हवं होतं. काय सोय करू?"

"जड गाद्या दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या. मधेच आडवं व्हायला जागा द्या. आणि त्या चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं मळमळतं."

"ते केव्हाच बाहेर गेलं. तुम्ही नाकाला पदर लावलेला सुतारानं पाहिला. तेव्हापासून तो मागच्या अंगणातच फळ्या चिकटवतोय."

ताई अंगणात गेली. सुतार भर उन्हात घामाघूम.

"इथे काय करतोयस?"

"हवा खातोय."

"आणि हे गोड बोलणं कशाला?"

त्याने मान खाली घातली. "काय बोलावं सुचेना. बायको म्हणाली, आता तरी तोंड सांभाळा."

"नको सांभाळूस. मला धडकी भरते."

सुताराने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग ऐक. ऑपरेशनच्या आधी तू केलेली ती खुर्ची ना, तिच्या हातावरची सुरकुती आंधळ्यालाही दिसेल."

"सांगाडाच वाकडा होता!"

त्या दिवशी तिने एका सोफ्याचं कापड बेतलं, मधे मागच्या खोलीत गाढ झोपली, उठून उरलेली शिलाई मारली.

"काय म्हणाला मग?" रात्री नवऱ्याने विचारलं.

"नालायक आहे मेला," ती समाधानाने म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने स्वतःहून आणखी भात वाढून घेतला.