कुंपणापलीकडची नासपती

तीन वर्षं माझ्या नासपतीला फुलं मरणाची येतात, फळ मात्र एकही नाही. मधमाश्यांच्या नावाने बोटं मोडून झाली. मग बायकोच्या पश्चात राहिलेला तिचा रंगकामाचा ब्रश घेतला आणि एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावत बसलो. शेवटी रोपवाटिकेवाल्याला बोलावलं. तो हसला.

"काका, नासपतीला स्वतःचा पराग चालत नाही. जवळ वेगळ्या जातीची नासपती लागते. होती का कधी?"

होती. शेजाऱ्याची. तिचा पाला माझ्या अंगणात पडतो म्हणून मीच भांडभांडून ती तोडायला लावली. पुढे तो घर बंद करून निघून गेला.

आता माझा पाला त्याच्या अंगणात पडतो. भांडायला कोणी येत नाही.